जर्मन जाऊबाई वाण्याला "काका" म्हणायला तयार नाही, काय करू?

कोथरूडची_थोरली

मंडळी मदत हवीये. हसायचं असेल तर हसा पण आधी उपाय सांगा.

धाकट्या दिरानं जर्मन मुलीशी लग्न केलंय, आता दोघं सहा महिने पुण्यात आहेत, तो घरून तिकडचं काम करतो आणि ती मराठी शिकते. पोरगी हुशार आहे, वरणभात हातानं कालवून खाते, देवनागरी वाचते, रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालते (आणि मग अर्थ विचारते, पेठेतल्या पाट्यांचा अर्थ जर्मन माणसाला समजावून सांगणं म्हणजे काय असतं ते मलाच माहिती). तर मी म्हणलं, एकटीनं वाण्याकडे जाऊन सामान आण, त्याशिवाय जीभ वळायची नाही. सगळं घोकून घेतलं, "काका, अर्धा किलो साखर द्या." गेली. दहा मिनिटांत परत, हातात साखर, तोंड लालबुंद, म्हणते सगळं बोलले पण तो पहिला शब्द मी बोलणार नाही. का गं? तर त्यांच्याकडे लहान पोरं शी झाली की "काका" म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिशमधेपण तसंच आहे म्हणे. म्हणजे साठीचा, कपाळाला गंध लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, आणि त्याला ही काय हाक मारणार होती!

मग तिनं स्वतःच तोडगा काढला. जर्मनमधे आदरानं बोलायचं तर आडनावाआधी "हेर" लावतात, आपल्या श्रीयुतसारखं. दुकानावर आडनाव रंगवलेलंच आहे. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत हिनं खणखणीत आवाजात "नमस्कार हेर अमुकअमुक". दुकानात चार बायका, सगळ्या गप. वाणी मापातली डाळ तशीच धरून माझ्याकडे बघतो. "वहिनी, मी हो कुणाचा हेर?"

आता खरं सांगायचं तर आमच्या सोसायटीत कुणाचं दूध बंद झालं, कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या पोराला नोकरी लागली हे सगळं त्या गल्ल्यावर आधी कळतं, त्यामुळं शब्द अगदीच चुकला असंही मला म्हणवेना. पण माणूस दुखावला. तिच्याशी गोड बोलतो, राग माझ्यावर. गेले चार दिवस मला सुट्टे नाहीत, चॉकलेटं मिळतायत.

तर वाण्याला काय हाक मारायला शिकवू? आणि पुढच्या आठवड्यात तिला मंडई आणि तुळशीबागेत न्यायचंय, तिथं अजून असले कुठले सुरुंग आहेत ते सांगा. "नाईन"चा जोक नको, सासऱ्यांनी आत्तापर्यंत अकरा वेळा सांगितलाय.

शटर_अर्धं

वाण्यांच्या बाजूनं मी बोलतो ताई, माझं स्वतःचं दुकान आहे औंधात. चॉकलेटाचं मनावर घेऊ नका, सुट्टे खरंच नसतात.

माझ्याकडं एक जपानी साहेब यायचे, कंपनीत होते कुठल्यातरी. पहिल्यांदा आले तेव्हा बिल झालं ३२०, त्यांनी पाचशेची नोट दिली. मी म्हणलं "वरचे वीस हाय का?" ते म्हणले "हाय." मी थांबलो. ते पण थांबले. म्हणलं "साहेब, वीस रुपये, सुट्टे, हाय का?" "हाय, हाय." आणि मान हलवतात, हसतात. पण खिशात हात काय जाईना. मागं रांग लागलेली, एक आजोबा म्हणतात अहो हाय म्हणतोय ना तो, घ्या की. शेवटी समजावं म्हणून मी गल्ल्यातली वीसची नोट काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि पाकिटात घातली.

माणूस मात्र एक नंबर. बोलायला तोंड उघडलं की आधी "अण्णा..." म्हणणार, मगच काय ते मागणार. माझ्या घरात मला कुणी अण्णा म्हणत नाही, बायको तर नाहीच. दीड वर्ष मी त्यांना कायम सकाळची ताजी खारी बाजूला काढून ठेवली.

रानडेची_वारकरी

@शटर_अर्धं, रानडे इन्स्टिट्यूटमधे जपानी शिकतेय म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नका. जपानी माणसाचं "हाय" म्हणजे हो असतंच असं नाही, समोरचा बोलत असताना "ऐकतोय बरं का, बोला" म्हणूनपण ते हाय हाय करतात, तिकडं गप्प बसून ऐकणं जरा तुटक वाटतं. म्हणजे तुम्ही काहीही विचारलं असतंत तरी हायच आलं असतं. आणि दुसरं... "आनो" म्हणजे आपलं "हे... आपलं... ते" असतं. बोलायच्या आधी अडखळायचा शब्द.

शटर_अर्धं

म्हणजे अण्णा नाही?

रानडेची_वारकरी

नाही हो.

शटर_अर्धं

ही माहिती नसती दिली तरी चाललं असतं.

पाऊणशे_वयमान

मी फॉरेनर लोकांना मराठी शिकवते, बरीच वर्षं झाली. थोरली, तुम्ही हाक काय मारायची त्यात अडकलायत, खरा सुरुंग आकड्यांत आहे. लोक एक ते शंभर पाठ करून येतात, बिचारे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यातून जिवंत बाहेर पडतात, आणि बाजारात गेल्यावर तो आकडा कुणी बोलतच नाही. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे. माझी एक इंग्लंडची विद्यार्थिनी, लक्ष्मी रोडला भाव विचारला, दुकानदार म्हणाला "दीडशे." हिला ऐकू आलं "डिड शी?" हिनं मागं वळून बघितलं की कोण बाई आणि तिनं केलं काय. दुकानदारानं परत मोठ्यानं, "दीडशे!" ही म्हणे मला वाटलं माझ्यावर कसला तरी आळ येतोय.

तुळशीबागेतला तर क्लासिक आहे. दुसरी एक समई घ्यायला गेली. "साडेचारशे." ती म्हणते "साडी नको, समई." "हो बाई, समईच, साडेचारशे." "नाही नाही, साडी नाही." असं पाच मिनिटं चाललं, त्या माणसाला शेवटी वाटलं की हिला दोन्ही पाहिजे आणि आपल्याला समजत नाहीये, त्यानं पोऱ्याला पाठवून समोरच्या दुकानातून साड्यांचा गठ्ठा मागवला. ती साडी घेऊनच आली घरी. समई राहिली.

आणि "पाव" या शब्दावर तर मी एक आख्खा तास घेते. पाव म्हणजे ब्रेड, पाव म्हणजे चतकोर, म्हणून पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, पावणेतीन म्हणजे तीनाला पाव कमी, पावणे म्हणजे गावाकडं पाहुणे. माझा ब्राझीलचा विद्यार्थी मात्र या धड्याला फार खूश होता कारण मुळात तो ब्रेडवाला पाव पोर्तुगीजांचाच, त्याची मातृभाषा पोर्तुगीज, बटाटा पण त्यांचाच, त्याला वाटलं अर्धी मराठी आपल्याला येतेच. गेला बेकरीत. "पाहिजे" विसरला. काउंटरवर दोन्ही हात टेकवून कळवळून म्हणाला, "मला पाव!" बेकरीवाला म्हणतो, "मी काय दगडूशेठ आहे का?" मग त्यानं विचारलं किती, एक लादी? यानं लादी हा शब्द आदल्याच दिवशी घरमालकाकडून फरशी म्हणून शिकला होता. तो म्हणाला नको, घरात आहे.

कट्ट्यावरचा_चिकट

डिड शी... म्हणजे काका झालं, इथंपण शी आलीच 😂

हॉस्टेल_खोली_चौदा

माझा इराणी रूममेट होता, फारसीत दहाला "दह" म्हणतात. दहा अंडी आणायला गेला. "दह" म्हणाला, वाण्यानं दह्याची पिशवी दिली. हा म्हणतोय नाही, आणि अंड्यांकडे हात करून "दह, दह". मग दह्याच्या अजून दोन. अंडी पण दिली एक डझन. आठवडाभर कढी.

तिरसट_शिरोमणी

धागा चांगला आहे पण एक खुसपट काढतो, त्याशिवाय घास उतरत नाही. हे गोंधळ तरी कधी होतात, तर समोरचा मराठीत बोलला तर. आपले निम्मे दुकानदार गोरा माणूस बघितला की "यस मॅडम" आणि जरा चपट्या नाकाचा बघितला की "हां भैया बोलो", तो बिचारा घोकून आलेलं मराठी वाक्य तोंडात घोळवत उभा आणि हे त्याला पुरं करू देत नाहीत. मराठीचा एवढा मोठा कोश मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी माणसानं केला, पहिली आवृत्ती १८३१ची. आज आला असता तर त्यालाही "क्या चाहिए साब" ऐकून परत जावं लागलं असतं. तुमच्या वाण्यानं "मी कुणाचा हेर" असं मराठीत तर विचारलं. त्याला माझा नमस्कार सांगा.

बाकी गोंधळ काय फक्त उच्चारांचा नसतो. माझ्या मामाचं सदाशिव पेठेत छोटं दुकान होतं, वह्या पेनं वगैरे. एक अमेरिकन पोरगा यायचा, संस्कृत शिकायला आलेला, मराठी व्याकरण आपल्यापेक्षा शुद्ध. एकदा आला तो एकला पाच मिनिटं कमी असताना. मामानं त्याला बाहेर घेतलं, शटर ओढलं, कुलूप लावलं, म्हणाला "बरंय, येतो हां," आणि गेला जेवायला. आता येतो म्हणजे येतो, पुस्तकात तसंच आहे. जातो म्हणू नये हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं, व्याकरणाच्या पुस्तकात थोडंच असतं. चारला मामा झोप काढून परत आला तर हा पायरीवर बसलेला, शेजारच्या टपरीवाल्यानं दया येऊन दोन चहा पाजलेले. पोरगा म्हणाला, "आपण येतो म्हणालात." मामा म्हणाला, "मग? आलो की."

आणि मंडईत नेणार आहात म्हणून एक फुकटची माहिती, ती इमारत १८८६ची, मूळ नाव रे मार्केट, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. लाटसाहेबांच्या किताबातच "रे"! पुण्यात! महात्मा फुले मंडई हे नाव नंतरचं.

बाणेर_बायपास

ताक आणि टाक शिकवा आधी. आमच्या शेजारचा इंग्लिश माणूस, त्या लोकांना त आणि ट वेगळे ऐकूच येत नाहीत. उन्हाळ्यात डेअरीत जाऊन म्हणतो "टाक." डेअरीवाला म्हणतो काय टाकू? "टाक." कशात टाकू, पिशवी आणलीय का? "टाक... थंड टाक." त्यानं वैतागून बर्फाचा खडा त्याच्या हातात टाकला.

पाऊणशे_वयमान

@बाणेर_बायपास, यावर उपाय आहे, त म्हणताना जीभ दातांना लावून आरशासमोर शंभर वेळा. ळ वर मात्र माझ्याकडे उपाय नाही. मी त्यांना सांगते केली म्हणा, देतील.

कोथरूडची_थोरली

अपडेट देते. मंडई झाली. दोन पिशव्या भरून, विशेष काही न घडता. उलट अननसाच्या गाळ्यावर ही उड्याच मारायला लागली, जर्मनमधेपण अननसच म्हणतात, तिथं तिनं भाव करून वीस रुपये कमी करून घेतले जे मला आजपर्यंत जमलेलं नाही. उदबत्तीच्या दुकानात थोडं झालं. जर्मनमधे "काय?"ला "व्हास" म्हणतात. दुकानदार काहीतरी बोलला, हिला कळलं नाही, ही म्हणाली "व्हास?" त्यानं लगेच एक पुडा फोडून नाकाखाली धरला. ही परत "व्हास?" त्यानं दुसरा फोडला. सात फोडल्यावर मी मधे पडले, सातही घ्यावे लागले, कुणाला मोगरा हवा असेल तर सांगा.

आता वाण्याचं. काल मीच मन घट्ट करून गेले, म्हणलं हेर म्हणजे तिकडं श्रीयुत, आदरानं म्हणाली ती. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग म्हणाले, "पण सरळ काका का नाही म्हणत?" मी विषय बदलायला गेले, शेंगदाण्याचा भाव विचारला, पण ते सोडेनात, शेवटी हळू आवाजात सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. वजनकाट्याचं ताट पुसलं. मग म्हणाले, "मामा म्हणायला सांगा मग."

घरी येऊन तिला सांगितलं तर ती सोफ्यावरच आडवी. मामा म्हणजे त्यांच्यात आई. परवा दीर तिला म्हणाला होता "पुढच्या सिग्नलला मामा उभा आहे, हेल्मेट घाल", तेव्हाच तिला शंका आली होती की इथं काहीतरी गडबड आहे. ती म्हणे, एवढ्या मिशा असलेल्या माणसाला मी आई कशी म्हणू?

आज सकाळी हेपण मी त्यांना सांगितलं, आता लपवून काय करायचं. त्यांनी मला चक्क तीस रुपये सुट्टे दिले आणि म्हणाले, "वहिनी, आई तर आई. तेच ठेवा."