मदत हवी आहे: पप्पांना घेऊन कणकुंबी-भीमगड एका दिवसात जमेल काय?

नमस्कार मंडळी, पप्पांचं वय ७२, गुडघ्याचं दुखणं आहे, पण कधीपासून म्हणायलेत की मलप्रभेचा उगम एकदा परत बघायचाय, म्हणून येत्या रविवारी बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला जायचं ठरवलंय, सोबत दोन लहान मुलं.

कणकुंबीला माउलीच्या देवळापर्यंत गाडी जाते, पण कुंडाच्या पायऱ्या आता किती शेवाळलेल्या आहेत? मागच्या खेपेला माझाच पाय घसरला, चप्पल हातात घेऊन उतरलो, पप्पांना तसं नको बघा.

दुसरं म्हणजे भीमगड. २०११ ला अभयारण्य झाल्यापासून परवानगीशिवाय आत जाता येत नाही एवढं माहीत आहे, पण हेम्मडग्याच्या बाजूला चेकपोस्टवर त्याच दिवशी पास मिळतो की आधी खानापूरला जायला लागतं? मुलांना म्हादई दाखवायची फार इच्छा आहे, एकाच तालुक्यातून एक नदी पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि दुसरी गोव्याला, हे पुस्तकात वाचून कळत नाही हो.

दोन्ही नाही जमलं तर राकसकोपचं धरण बरं काय? पाण्यात उतरायचं नाहीच, नुसतं काठावर बसून डबा खायचा. हल्ली कोण जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.