मदत हवी: वाइड लेन्सने सुवर्णदुर्ग ठिपक्याएवढा येतोय

किनारेकर: हर्णैहून समोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा सूर्यास्त काढायचा आहे. लँडस्केपला वाइडच लागते असं सगळीकडे वाचून १०-१८ मिमीची लेन्स घेतली. फोटोत किल्ला ठिपका, खाली सपाट करडी वाळू, वर नुसतं आभाळ. क्षितिजही वाकडं येतं. लेन्स खराब आहे का? परत करायची मुदत संपत आलीय, लवकर सांगा.

कातळसडा: बॉडी कुठली? १० वर काढलेत की १८ वर? कुठून काढलेत, बंदराकडच्या वाळूतून की वर कनकदुर्गावरून? आणि क्षितिज वाकडं म्हणजे एका बाजूला कललेलं की मधेच फुगलेलं? दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

दर्यावर्दी: क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असणार. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) घ्या आणि १६-३५ लावा. लँडस्केपला त्याशिवाय मजा नाही.

कातळसडा: @दर्यावर्दी, कॅननच्या १.६ क्रॉपवर १० म्हणजे फुलफ्रेमवरच्या १६ एवढाच कोन. लाखभर रुपये घालून किल्ला तेवढाच ठिपका राहील. त्यांना विचारलेलं सांगूया.

किनारेकर: कॅननचीच क्रॉप बॉडी. १० वर, वाळूत, ट्रायपॉड पूर्ण उंच करून. क्षितिज मधे खाली झोल पडल्यासारखं दिसतं. आता सांगा, ठेवू की परत करू?

खाडीपल्याड: लेन्स ठीक आहे. कॅमेरा आभाळाकडे उचललात म्हणून क्षितिज फ्रेमच्या खालच्या भागात गेलं. १० वर बॅरल डिस्टॉर्शन असतंच, त्यात मध्यापासून दूरची आडवी रेघ बाहेरच्या बाजूला फुगते. खाली असली तर मधे खाली झुकते, वर असली तर मधे वर चढते. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सचा वाकडेपणा सुधारणारं लेन्स प्रोफाइल लावा, रेघ सरळ होईल. कॅमेरा वर उचलल्यामुळेच कडेच्या माडा-सुरूंची खोडं आत कलतात. ते प्रोफाइलने जात नाही, त्यासाठी कॅमेरा पातळीतच ठेवावा लागतो.

आता मूळ मुद्दा. एकाच जागेवरून काढलंत तर किल्ल्याचा आकार फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिमी आकड्याच्या) प्रमाणात बदलतो. १० वर जेवढा येतो, त्याच्या पाचपट ५० वर. वाइड लेन्स दूरचं जवळ आणत नाही, ती जवळच्याला मोठं करायची संधी देते. तुमच्या फ्रेममध्ये जवळचं काहीच नाही, म्हणून वाळू रिकामी दिसते.

ओहोटीला उघडे पडणारे खडक किंवा ओल्या वाळूवरच्या पाण्याच्या रेघा शोधा. ट्रायपॉड गुडघ्याच्याही खाली आणा, खडक लेन्सपासून ५०-६० सेंमीवर येऊ द्या. १० वर छिद्र (अॅपर्चर) एफ/८ ठेवून साधारण ७० सेंमीवर फोकस केलंत की ३५ सेंमीपासून थेट किल्ल्यापर्यंत सगळं धारदार मिळतं. फोकस मॅन्युअल करून तिथेच सोडा.

दर्यावर्दी: एवढी मोजमापं कशाला? एफ/२२ लावा, सगळं शार्प.

खाडीपल्याड: एफ/२२ वर छिद्र फार बारीक होतं, क्रॉप सेन्सरला डिफ्रॅक्शनमुळे (प्रकाश पसरल्यामुळे) सगळीच फ्रेम मऊ पडते. एवढ्या वाइडवर एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जायची गरजच नाही. लाटांच्या रेघांसाठी शटर लांबवायचं असेल तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पाव ते एक सेकंदात माघारी जाणाऱ्या पाण्याच्या रेघा येतात, ३० सेकंदांत नुसतं धुकं होतं.

माडबन२२: पोलरायझर फिल्टर लावा ना, आभाळ गडद निळं येईल.

कातळसडा: समोर सूर्य असताना? पोलरायझरचा आभाळावरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. आणि सूर्य बाजूला असला तरी वाइडच्या फ्रेममध्ये आभाळाचा इतका मोठा तुकडा येतो की मधेच काळपट पट्टा पडतो. तो नंतर काढता काढता नाकी नऊ येतात.

खरं सांगायचं तर या किल्ल्याला वाइड ही माझी पहिली पसंती नाहीच. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडून किल्ला दक्षिणेला दिसतो, संध्याकाळचं ऊन बाजूने येतं आणि तटाचा खडबडीतपणा उठून दिसतो. तिथे दूरचं मोठं दाखवणारी ५५-२५० लावा. पोलरायझरही तिथेच कामाला येईल.

खाडीपल्याड: मान्य, पण तो किल्ल्याचा फोटो झाला. त्यांना समुद्र, खडक, किल्ला असं सगळं हवं असेल तर खालीच उतरावं लागेल. मधला मार्ग: ३५ वर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फ्रेम ३० टक्के एकमेकींवर चढवत पॅनोरमा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, नाहीतर जोड दिसतात. लाटा मात्र जुळत नाहीत, त्यामुळे जवळचं पाणी कमीत कमी ठेवा.

किनारेकर: ५५-२५० नाही, १८-५५ आहे. १०-१८ ठेवतो मग. खडक उघडे कधी मिळतील? दिवाळीत येणार आहे.

खाडीपल्याड: तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सूर्यास्ताच्या आगेमागे, आणि उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणी समुद्राकडे खूप मागे हटतं. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच, त्यामुळे दिवस चांगले आहेत. रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अष्टमीच्या जवळपास संध्याकाळी भरती असते, तेव्हा खडक मिळणार नाहीत. तारीख ठरली की भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघून घ्या.

माडबन२२: मोबाइलचा ०.५ वापरला तर? तोही फुलफ्रेमच्या हिशेबाने साधारण १३ मिमीचाच असतो.

कातळसडा: कोन मिळेल, पण अंधारात बारीक सेन्सरवर दाणे येतात. हवा तर वेगळा धागा काढा. @किनारेकर, एक राहिलं: लाट परतताना ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू ओढते, लांब एक्स्पोजर तिथेच बिघडतं. पाय आधी दाबून रोवा, लाट येऊन गेल्यावर पुन्हा दाबा. काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब उडाले तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण कोटिंगला ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री नळाखाली धुवा. आणि सूर्य बुडाल्यावर पाणी चढायला लागतं, त्यामुळे खडकांवर उतरायच्या आधीच परतीची वाट बघून ठेवा.