मदत हवी आहे: फिरतं वाचनालय, ६ शाळा, ९०० पुस्तकं – फेरी कशी आखावी?

पानगळ:
ग्रामीण भागातल्या ६ प्राथमिक शाळांसाठी फिरतं वाचनालय सुरू आहे. एक छोटी गाडी, दोन माणसं, दर १५ दिवसांनी फेरी. वर्ग दुसरी ते पाचवी, प्रत्येक शाळेचा पट ३५ ते ५०. गाडी दिसली की झुंबड उडते आणि तासाभरात निम्म्या मुलांच्या हाती पुस्तकच पडत नाही. शाळेत ठेवायला दिलेली पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहतात. दोन-तीन महिन्यांत पानं सुटतात. बरीच मुलं नुसती चित्रं चाळून पुस्तक परत देतात. मोठी गाडी घेतली तर फरक पडेल का? जाणकारांनी सुचवावं.

फिरती_पेटी:
मोठी गाडी अजिबात नको. पातळ चित्रपुस्तक साधारण १०० ते १२० ग्रॅमचं असतं, म्हणजे तुमचा सगळा साठा जेमतेम शंभर किलोचा. गाडी शाळेत तासभरच थांबणार. उरलेले १४ दिवस मुलांजवळ काय राहतं, त्यावर वाचन अवलंबून आहे.

झाकणाच्या ७ पेट्या करा, प्रत्येकीत ११० पुस्तकं. पेटी १२-१३ किलोची होते, एका माणसाला उचलता येते. उरलेली १३० बदलीसाठी राखीव. फेरीच्या दिवशी पहिल्या शाळेला दुरुस्त केलेली पेटी द्या, तिथली दुसरीला, दुसरीतली तिसरीला, असं करत सहाव्या शाळेतली पेटी दुरुस्तीला परत आणा. दर पंधरवड्याला प्रत्येक शाळेला नवी पेटी मिळते आणि १४ आठवड्यांत प्रत्येक पेटी एकदा तुमच्या हाताखालून जाते.

यात घोळ होतो तो अदलाबदलीच्या दिवशी पुस्तकं मुलांच्या घरी राहिल्यामुळे. आदल्या दोन दिवसांत गोळा करायला सांगा. तरी पाच-सहा राहतातच. ती पुढच्या फेरीला घ्या, पण पेटी अडवून ठेवू नका. प्रत्येक पुस्तकावर पेटीचं अक्षर आणि क्रमांक हवा (क-४२), म्हणजे चुकलेलं पुस्तक आपल्या पेटीत परत जातं.

झुंबडीवर उपाय म्हणजे गाडीत कुणालाच चढू न देणं. केनियात गारिसा भागात १९९६ पासून उंटांवरून वाचनालय फिरतं. तिथे एका उंटावर पुस्तकांच्या पेट्या, तर दुसऱ्यावर तंबू असतो. बसायची जागा ही पुस्तकांइतकीच गरजेची आहे. सतरंज्या अंथरा, पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांडा. पातळ पुस्तकं उभी लावली की एकही दिसत नाही.

नोंदीला वर्गागणिक एकच कागद: डावीकडे नावं, वर तारखा, चौकटीत फक्त पुस्तकाचा क्रमांक. चौथी-पाचवीतली दोन मुलं हे काम नीट करतात.

रेघोटी:
कुलपाचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: पुस्तक हरवलं तर आपल्याला भरून द्यावं लागेल ही शिक्षकांची धास्ती. पुस्तकं शाळेच्या साठा नोंदवहीत चढवूच नका. 'साठा वाचनालयाचा आहे, हरवल्यास शाळेवर वा शिक्षकांवर जबाबदारी नाही' असं लेखी द्या. मुलांकडूनही दंड नको. दंड लागला की घरचेच पुस्तक आणू देत नाहीत. वर्षाला शंभरात सात-आठ जातील असं धरूनच खरेदी करा.

चित्रं चाळून परत देणाऱ्या मुलांना बहुधा पुस्तक झेपत नाही. रंगीत पट्ट्यांनी पातळ्या पाडा. लाल: पानाला एक-दोन वाक्यं, जोडाक्षरं जवळपास नाहीत. पिवळा: तीन-चार वाक्यं, नेहमीची जोडाक्षरं. हिरवा: परिच्छेद. निळा: प्रकरणांची आणि माहितीची पुस्तकं. पातळ पुस्तकाला कणा नसतो, म्हणून पट्टी मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावा आणि वरून पारदर्शक टेप मारा, नाहीतर मुलं ती सोलून काढतात.

पातळी ठरवायला साधारण ५० शब्दांचं पान मोठ्यानं वाचायला द्या. पाचपेक्षा जास्त ठिकाणी अडलं तर खालचा रंग, एखाद्याच ठिकाणी अडलं तर वरचा. मुलाला दोन पुस्तकं द्या, एक त्याच्या रंगातलं आणि दुसरं त्याला आवडेल ते. पट ४५ च्या वर असेल तिथे आलटून पालटून एकेक. वर्गात कुणी 'लाल मुलं' म्हणायला लागलं, तर ते तिथल्या तिथे थांबवा.

आणि दर फेरीला १०-१२ मिनिटं प्रकट वाचन हवंच, चित्र मुलांकडे धरून. मोठ्यानं वाचलेलं पुस्तक न्यायला त्याच दिवशी मागणी येते, तेव्हा त्याच्या दोन-तीन प्रती ठेवा.

दाभण:
पानं सुटण्याबद्दल. नुसत्या गोंदाची बांधणी असलेली पुस्तकं घेऊच नका. पिनांच्या पुस्तकांत पिना दमट हवेत गंजतात आणि घडीवरचा कागद कापतात. नवं पुस्तक आलं की पिना काढा, बाहेरून घडीवर ४८ मिमी रुंद टेप लावा आणि शिवून टाका. घडीत तीन भोकं: एक मधोमध, दोन वर-खाली कडेपासून ३ सेंमीवर. मेण लावलेला जाड सुती दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन घट्ट गाठ. हात बसला की पाच मिनिटांत एक होतं.

गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं तर मिटून वाळवू नका, पानं कायमची चिकटतात. पानापानात साधा कोरा कागद घालून सावलीत उभं ठेवा.

पानगळ:
फार मोलाची माहिती, मनापासून आभार. पेट्या आणि रंगपट्ट्या याच महिन्यात करतो. लांब सुट्टीत फेरी बंद असते, तेव्हा पेट्या परत आणाव्यात का?

फिरती_पेटी:
नाही. सुट्टी लागायच्या आठवड्यात पेटी वाटूनच टाका, मुलामागे दोन-तीन पुस्तकं. भावंडं एकाच घरातली असतील तर वेगवेगळ्या रंगांची द्या, ती आपसात बदलतात. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नोंदीचा तोच कागद घेऊन जमा करा आणि त्याच फेरीत ५० शब्दांचं वाचन पुन्हा घ्या. सुट्टीआधीचा रंग तसाच धरून चालू नका.