श्रॉपशरमध्ये मोटारीविना दोन दिवस

प्रश्न: मे महिन्यात आईवडिलांसह बर्मिंगहॅमहून श्रॉपशर परगण्यात जाण्याचा विचार आहे. आमच्याकडे मोटार नाही आणि वडिलांचे गुडघे दुखतात. अशा स्थितीत श्रूझबरी, लडलो आणि आयर्नब्रिज ही तिन्ही ठिकाणे दोन दिवसांत पाहून होतील का?

उत्तर १: श्रूझबरी आणि लडलो एकाच रेल्वेमार्गावर आहेत, आयर्नब्रिजला मात्र स्थानक नसल्याने टेलफर्डला उतरून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. तरीही ते वगळू नये. १७७९ साली उभारलेल्या त्या ओतीव लोखंडी पुलाचे सांधे जवळून निरखावेत. लोखंडी पूल बांधण्याची रीत तेव्हा रुळलेलीच नसल्याने कारागिरांनी सुतारकामाप्रमाणे खाचा पाडून त्यांत पाचरी ठोकल्या आहेत.

उत्तर २: लडलोचा किल्ला सुंदर असला तरी बुरुजाचे जिने वडिलांनी टाळावेत, खालच्या चौकात बसूनही पुष्कळ दिसते. श्रूझबरीच्या चौकात क्लाइव्हचा पुतळा आहे. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेत हाच क्लाइव्ह होता, त्यामुळे मला तरी तिथे फोटो काढवला नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पहिला दिवस आयर्नब्रिजला देतो.