मदत हवी आहे: तीन आठवडे भारतात, अलॉटमेंटवर निघण्याआधी काय काय करावं?

हॅरोची_मेथी

नमस्कार मंडळी. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये हॅरोला आमचा अलॉटमेंटचा (भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) अर्धा प्लॉट आहे. पाच रॉड, म्हणजे सुमारे १२५ चौरस मीटर. माती लंडन क्ले, म्हणजे चिकणमाती: ओली असली की बुटाला चिकटते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळा सुटल्या की जुलैच्या शेवटी निघतोय, ऑगस्टच्या मध्यावर परत. साइटवर पाइप लावायला बंदी आहे, टाकीतून झारी भरून पाणी घालावं लागतं. शेजारच्या प्लॉटवरच्या आजी आठवड्यातून दोनदा चक्कर मारायला तयार आहेत, पण त्यांना ते ओझं वाटू नये.

प्लॉटवर सध्या: टोमॅटो (काठीवर चढवलेले, सहा रोपं), कोर्जेट (झुकिनी) तीन, रनर बीन्स (काठ्यांवर चढणाऱ्या शेंगा), एप्रिलच्या मध्यात लावलेले शार्लट बटाटे, मागाहून लावलेले मारिस पायपर बटाटे, लसूण, कांदे, मेथी-कोथिंबीर. केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) आणि लीकची (कांद्याच्या जातीची जाड पात) रोपं ट्रेमध्ये तयार आहेत. आठवडाभराने घोडागाडीभर तबेल्याचं खत मिळणार आहे, ते सगळीकडे आच्छादन म्हणून पसरावं असा विचार आहे.

कशाला आधी हात घालू? आणि आजींना नेमकं काय सांगू?

सरी_वरंबा

आधी रोपं हलवा, बाकी सगळं नंतर. केल आणि लीक याच आठवड्यात जमिनीत गेले तर तुम्ही निघेपर्यंत मुळं धरतील. निघायच्या आदल्या दिवशी लावलेलं रोप क्लेमध्ये तीन आठवडे तग धरत नाही.

लीक पेन्सिलीएवढे जाड झाले असतील तर १५ सेंमी खोल भोक, दोन भोकांत १५ सेंमी अंतर. रोप आत सोडा, भोक पाण्याने भरा आणि माती ढकलू नका, ती हळूहळू आपोआप आत येते. केल उलट: खालच्या पानांपर्यंत खोल, आणि बुडाशी माती टाचेने घट्ट दाबा. पान ओढलं तर पान तुटावं, रोप हलू नये. वर जाळी हवीच, ७ मिमीपेक्षा मोठ्या भोकांची नको. कमानी उंच ठेवा. जाळी पानांना टेकली की पांढरी फुलपाखरं बाहेर बसून जाळीतूनच अंडी घालतात, आणि तुम्ही परत याल तेव्हा शिराच उरलेल्या असतील.

लसूण निघण्याआधी काढाच. अर्धी पानं पिवळी झाली की तयार. जमिनीत राहिला तर वरचं साल फुटून पाकळ्या सुट्या होतात आणि मग टिकत नाही. शेडमध्ये वारा लागेल असा दोन-तीन आठवडे वाळवा. कांद्याच्या माना आपोआप पडत असतील तर तोही काढा. उभा असेल तर राहू द्या, पण पात हाताने मोडू नका, मानेतून कूज शिरते.

झारीभर_पाणी

पाण्याचं गणित. चौरस मीटरला २४-२५ लिटर पाणी म्हणजे एक इंच पाऊस, म्हणजे दहा लिटरच्या अडीच झाऱ्या. सगळ्या प्लॉटला हे शक्य नाही आणि गरजही नाही. कांदा, लसूण, रुजलेला केल यांना आजींच्या फेरीतून वगळा. टोमॅटो, कोर्जेट आणि रनर बीन्स एवढंच सांगा.

भेगाळलेल्या क्लेवर थेट पाणी ओतलं तर ते भेगेतून खाली निघून जातं आणि मुळाशी कोरडंच राहतं. आधी वरची दोन-तीन सेंमी माती लांब दांड्याच्या खुरप्याने भुसभुशीत करून भेगा बुजवा. मग अर्धं पाणी, अर्धा तास थांबून उरलेलं अर्धं. निघायच्या दोन दिवस आधी हे करा आणि ओल्या मातीवरच पेंढ्याचं ५ ते ८ सेंमी आच्छादन घाला. कोरड्या मातीवर घातलं तर हलका पाऊस वरच अडतो. कापलेलं गवत वापरणार असाल तर एका वेळी २-३ सेंमीच, जाड थर तापतो आणि चिकट होतो. खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

टोमॅटोच्या प्रत्येक रोपाशी दोन लिटरची बाटली बूड कापून, तोंड खाली करून पुरा. आजींना सांगणं सोपं जातं: दोन रोपांत एक झारी, बाटल्यांतून, आठवड्यातून दोनदा. एकदा भरपूर आणि मग दहा दिवस काहीच नाही असं झालं की फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो. मातीत कॅल्शियम असतं, पाणी अनियमित असल्याने ते फळापर्यंत पोचत नाही. म्हणून अंड्याची टरफलं टाकून यावर उपाय होत नाही.

रनर बीन्सना फुलं असताना दर तीन-चार दिवसांनी चौरस मीटरला ५ ते ९ लिटर, मुळाशी. फुलांवर पाणी फवारून शेंगा धरत नाहीत.

करपा_नको

बटाट्याबद्दल. शार्लट निघण्याआधी सगळे काढा, तेरा आठवडे झालेले असतील. पायपर करप्याला (पानं आणि कंद कुजवणारा रोग) लवकर बळी पडतो. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त आणि रोज किमान ६ तास ९० टक्के आर्द्रता, एवढं झालं की धोका सुरू. घरगुती बागेसाठी यावर फवारा मिळत नाही, त्यामुळे लक्ष ठेवणं हाच उपाय. माझं मत: जाताना पायपरचा पाला कापून टाका, मन शांत राहील.

सरी_वरंबा

@करपा_नको, इथे मी सहमत नाही. पायपर मागाहून लावलेत, म्हणजे जुलैच्या शेवटी कंद नुकते पोसायला लागलेले असतील. तेव्हा पाला कापला तर निम्मं पीक गेलं. त्याऐवजी मातीची भर जाड घाला, पानांवरचे बीजाणू पावसाने धुऊन खाली येतात तेव्हा कंदापर्यंत पोचू नयेत म्हणून. आजींना करप्याचा फोटो पाठवून ठेवा: पानाच्या कडेला तपकिरी डाग, दमट सकाळी खालून पांढरी बुरशी. दिसला की त्याच दिवशी सगळा पाला जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर. कंद मात्र दोन आठवडे मातीतच, म्हणजे साल घट्ट होतं आणि वरचे बीजाणू मरतात.

करपा_नको

आजी खरंच पाला कापणार असतील तर मान्य. ते आधी विचारून घ्या.

टोमॅटोच्या बगलफुटी (पानांच्या बगलेतले कोंब) निघताना सगळ्या काढा. उघड्यावर लंडनमध्ये चार घोस पिकतात. चौथ्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून शेंडा खुडा. पहिल्या घोसाखालची पानं काढली तर बुडाशी हवा खेळते.

खुरपं_हाती

कोर्जेट आणि बीन्सचं उत्तर एकच: जी तोडेल ती घरी नेईल, असं आजींना स्पष्ट सांगा. ओझं वाटणार नाही. कोर्जेट १०-१५ सेंमीचा असतानाच कापायचा. दोन फळं नजरेआड राहिली तरी ती हाताएवढी होतात आणि वेल नवीन फळ धरणं मंदावतं. निघताना बोटाएवढे सुद्धा काढून न्या. रनर बीन्सच्या शेंगाही लहानसहान सगळ्या. एका शेंगेत बी भरलं की वेलीची फुलं कमी होतात.

मेथी-कोथिंबीर उपटून वाफा मोकळा करा, नाहीतर फुलावर येऊन बी सांडेल. रिकाम्या वाफ्यावर काळं जाड कापड, कडांना विटा. बाइंडवीड (वेलीसारखं तण) तीन आठवड्यांत बीन्सच्या काठ्यांवर चढतो, जाण्याआधी पांढरी मुळं बागेच्या काट्याने (फोर्कने) उकरा. फावड्याने तुकडे केलेत तर प्रत्येक तुकडा फुटतो. कोथिंबीर परत आल्यावर ऑगस्टमध्ये पेरा, दिवस लहान होत असल्याने ती तेव्हा जूनसारखी लगेच फुलावर येत नाही.

आणि साइटच्या सेक्रेटरींना सुट्टीच्या तारखा लेखी कळवा. बऱ्याच साइटवर उन्हाळ्यात पाहणी होते आणि तण माजलेलं दिसलं की नोटीस येते.

हॅरोची_मेथी

खूप उपयोगी. तबेल्याच्या खताबद्दल कुणी काही बोललं नाही. पेंढ्याऐवजी ते चालेल ना?

झारीभर_पाणी

तपासल्याशिवाय नाही, आणि टोमॅटो, बीन्स, बटाट्याजवळ तर मुळीच नाही. कुरणावर रुंद पानांच्या तणासाठी अमिनोपायरॅलिड हे तणनाशक फवारलं असेल तर ते गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून खतात जसंच्या तसं येतं. मग टोमॅटोचे शेंडे नेच्यासारखे अरुंद होऊन आत वळतात, बीन्सची पानं वाटीसारखी होतात. याला खत टाकल्यावर उपाय नाही.

तीन कुंड्यांत खत आणि नेहमीचं कंपोस्ट निम्मं-निम्मं, तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. खताच्या कुंड्या वेगळ्या बशीवर, पाणी एकमेकांत मिसळू देऊ नका. प्रत्येकीत ब्रॉड बीनच्या (बाकला शेंगेच्या) दोन-तीन बिया, आणि उगवल्यावर तीन-चार आठवडे बघायचं. फक्त खताच्या कुंड्यांत शेंडे वळले तर ते खत परत करा. या कुंड्या घरच्या खिडकीत ठेवून पाणी घालायला कुणाला तरी सांगून जा. खताचा ढीग तोवर ताडपत्रीखाली, वाफ्यांपासून लांब.