पणजीचं चर्च रात्री पांढरं फटक का येतं

एकाने विचारलंय की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) कमी ठेवूनही पायऱ्यांचं चर्च फोटोत नुसतं पांढरं फटक येतं, तपशील हरवतात. दोष आयएसओचा नाही. काळ्याभोर आभाळामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) वाढवतो. आधीच चुन्यासारखी पांढरी, वर दिव्यांनी उजळलेली भिंत मग जळणारच, म्हणजे तपशील जाऊन कोरी पांढरी होणारच. मॅन्युअलवर जा, हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) बघा आणि त्याचं उजवीकडचं टोक कापलं जाणं थांबेपर्यंत शटरचा वेळ कमी करत राहा. अंधाऱ्या पायऱ्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) थोड्याफार उजळता येतात, जळालेला पांढरा रंग मात्र परत येत नाही.

खरं तर रात्र होऊच देऊ नका. दिवेलागणीनंतर आभाळ गडद निळं असतं तेव्हा भिंत आणि आकाश यांतला फरक आवाक्यात असतो. आपल्याकडे ही वेळ जेमतेम वीसेक मिनिटं टिकते, म्हणून ट्रायपॉड आधीच लावून ठेवा. (८ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, रोषणाई सुंदर असते, पण गर्दीत ट्रायपॉड उघडायचं धाडस मी तरी पुन्हा करणार नाही.)

मांडवी नदीकाठी गणित वेगळं. कॅसिनोच्या बोटी हलतात, त्यामुळे शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर फोटोत त्यांचा लगदा होतो, पाण्यातलं प्रतिबिंब मात्र रेशमी येतं. मांडवीवरच्या अटल सेतूचा फोटो पुलावरून नको, काठावरून घ्या. गाड्यांनी पूल थरथरतो, तिथे कितीही भारी ट्रायपॉड कामाचा नाही.