मदत हवी आहे: अॅरोमॅटिसिटीत लोन पेअर कधी धरायची, कधी सोडायची?

देवगडचा_टीवाय

नमस्कार मंडळी, मी टीवाय बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, एसटीने कॉलेज करतो आणि सोबत जॅमची (एमएस्सी प्रवेश परीक्षा) तयारी चालू आहे. ऑरगॅनिक तसं आवडतं पण अॅरोमॅटिक (बेन्झिनसारखं खास स्थिर) आहे का नाही ओळखा असा प्रश्न आला की माझी गाडी घाटात बंद पडते. बेन्झिन, नॅप्थलीन वगैरे ठीक आहे. रिंगमध्ये नायट्रोजन किंवा ऑक्सिजन आला की संपलं. चारही अटी पाठ आहेत हो, रिंग हवी, सपाट हवी, कॉन्ज्युगेशन म्हणजे पी ऑर्बिटलची साखळी सलग हवी आणि ४एन+२ पाय (π) इलेक्ट्रॉन हवेत. पण पिरिडीन आणि पायरोल घ्या. दोघांच्या नायट्रोजनवर एकेक लोन पेअर, म्हणजे बाँडात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, आहे. पायरोलमध्ये ती धरतात, ४ आणि २ सहा. पिरिडीनमध्ये धरली तर आठ होतात म्हणून सोडून देतात. म्हणजे उत्तर सहा यावं म्हणून सोयीने मोजायचं काय? क्लासमध्ये विचारलं तर "एवढं लक्षात ठेव, पेपरात हेच येतं" असं उत्तर मिळालं.

अजून दोन शंका, वेगळा धागा काढत नाही. एक, हा एन नक्की कुठून आणायचा, रिंगमध्ये कार्बन किती त्यावरून? आणि दोन, सायक्लोब्युटाडाईन ४ इलेक्ट्रॉनचं ते अँटीअॅरोमॅटिक, मग सायक्लोऑक्टाटेट्राईन ८ चं ते नुसतं नॉनअॅरोमॅटिक कसं? दोन्ही ४एनच ना. वहीत तर सगळंच सपाट दिसतं.

व्हिडिओच्या लिंका कृपया नकोत, आमच्याकडे रेंज गच्चीवर येते आणि सध्या पाऊस असा लागलाय की गच्चीवर जायची सोय नाही. लिहूनच सांगा.

कातळावरचा_केमिस्ट

सोयीने मोजतात असं वाटणारच, कारण शिकवतात उलट बाजूने. आधी इलेक्ट्रॉन मोजू नकोस, आधी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनची जागा, बघ. रिंगमधल्या प्रत्येक अणूला पायच्या खेळात एकच पी ऑर्बिटल मिळतो, रिंगच्या पातळीला काटकोनात उभा. त्यात जे इलेक्ट्रॉन असतील तेवढेच धरायचे, बाकीचे त्या अणूचे स्वतःचे, आपल्याला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

आता पिरिडीन. तिथला नायट्रोजन रिंगमधल्याच डबल बाँडचं एक टोक आहे, म्हणजे त्याचा पी ऑर्बिटल त्या बाँडात गुंतला आणि त्याने आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला. लोन पेअर मग राहते कुठे तर एसपी२ ऑर्बिटलमध्ये, रिंगच्याच पातळीत, बाहेर तोंड करून. पाय ढगाशी ती काटकोनात आहे त्यामुळे तिचा ओव्हरलॅप होऊच शकत नाही. तू धर नाहीतर सोड, ती तिथे नाहीच. पायरोलचं उलट आहे. तिथला नायट्रोजन दोन कार्बन आणि एक हायड्रोजन अशा तिघांना सिंगल बाँडने धरून आहे, तीन एसपी२ तिथेच संपले, उरला पी ऑर्बिटल आणि त्यात पूर्ण जोडी. ती धरावीच लागते. म्हणून रिंगमधल्या डबल बाँडवर बसलेला अणू एक देतो आणि नुसत्या सिंगल बाँडवाला, लोन पेअर असेल तर दोन देतो. फ्युरानच्या ऑक्सिजनकडे दोन जोड्या आहेत पण उभा पी एकच, त्यामुळे एक आत आणि दुसरी पातळीत बाहेर.

हे नुसतं कागदी नाही, मोजून दिसतं. पिरिडीनची जोडी मोकळी आहे म्हणून ते बऱ्यापैकी बेस आहे, पिरिडीनियमचा (प्रोटॉन घेतलेलं पिरिडीन) पीकेए ५.२ च्या आसपास (पीकेए जेवढा कमी तेवढा प्रोटॉन सुटायला सोपा). पायरोल बेस म्हणून जवळजवळ निकामी, आणि जोरदार आम्ल टाकून प्रोटॉन लादलाच तर तो नायट्रोजनवर न बसता शेजारच्या कार्बनवर बसणं पसंत करतो. डायपोल, म्हणजे रेणूची धन-ऋण टोकं, बघ, पिरिडीनमध्ये ऋण टोक नायट्रोजनकडे, पायरोलमध्ये बरोबर उलट, कारण नायट्रोजनने आपली जोडी रिंगला वाटून टाकलीय. मला विचारशील तर ही डायपोलची गोष्ट पहिल्या लेक्चरलाच सांगायला हवी, अर्धी पोरं तिथेच सुटतील.

एन कुठून आणायचा नाही. तो फक्त ०, १, २, ३ असा पूर्णांक आहे, त्यातून २, ६, १०, १४ ही यादी बनते. तुझी बेरीज यादीत बसली की झालं. कार्बनच्या आकड्याचा संबंध नाही, सायक्लोपेंटाडाईनिल अॅनायनला कार्बन पाच आणि इलेक्ट्रॉन सहा, ट्रोपिलियम कॅटायनला कार्बन सात आणि इलेक्ट्रॉन तेच सहा.

कुडाळकर_काजूवाला

मेल्या, आधी चित्र काढ, मगे मोज. कातळावाल्यांनी बरोबर सांगितलानी.

तुका एक घरातला देतंय प्रॅक्टिसला. कोकमाचा लाल रंग सायनिडिनच्या जातीतल्या अँथोसायनिनचा. त्या रेणूत मधल्या रिंगमध्ये ऑक्सिजन आहे, त्याच्यावर धन चार्ज आणि तो कार्बनला डबल बाँडने जोडलेला. आता तो ऑक्सिजन किती देणार? फ्युरान आठवून दोन म्हणशील तर फसशील.

बाकी काजूचो चीक हाताक लागलो की सालटी जातत ना, तो पण अॅरोमॅटिकच हां. अॅनाकार्डिक अॅसिड, म्हणजे सॅलिसिलिक अॅसिडाक पंधरा कार्बनची शेपटी. बी भाजली की त्यातून कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि कार्डनॉल उरतं, रिंग मात्र तशीच, तिका काय्येक होणा नाय. भट्टीत एवढी उष्णता खाऊन रिंग तशीच रवता यातच काय ता समज.

देवगडचा_टीवाय

काका कोकमाचं करून बघितलं. ऑक्सिजन डबल बाँडवर आहे म्हणजे पिरिडीनच्या नायट्रोजनसारखाच, एकच देणार, आणि जी एक जोडी उरली ती पातळीत बाहेर. पाच कार्बनचे पाच आणि ऑक्सिजनचा एक, सहा. अॅरोमॅटिक. बरोबर ना? आणि मग सोडा टाकला की कोकम सरबत निळसर हिरवट का होतं, रिंग तुटते का?

कुडाळकर_काजूवाला

बरोबर. सोड्याने आधी ओएच गटावरचे प्रोटॉन जातात, मग कॉन्ज्युगेशन बदलतं आणि रंग निळ्याकडे सरकतो. फार अल्कली झालं तर पुढे मधली रिंग उघडते पण. सरबत फुकट घालवू नको, आगळाचे दोन थेंब पुरेत.

पीएचडीचा_खलाशी

दुसऱ्या शंकेवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अँटीअॅरोमॅटिक म्हणायला रेणू सपाट आणि सलग असून ४एन असावा लागतो. ही अवस्था रेणूला परवडत नाही, त्यामुळे जमेल तिथे तो पळ काढतो. सायक्लोब्युटाडाईनला पळायला जागा नाही, चार अणूंची रिंग वाकणार किती, म्हणून ते चौरस न राहता आयत होतं आणि तरी इतकं अस्थिर की पेटिट या केमिस्टने १९६५ मध्ये आयर्न ट्रायकार्बोनिलला बांधून ठेवलं तेव्हा कुठे हाताळता आलं. आठच्या रिंगला वाकता येतं, ती टबच्या आकाराची होते, शेजारचे पी ऑर्बिटल एकमेकांकडे पाठ फिरवतात, मग साध्या अल्कीनसारखं वागणं, ब्रोमिन पटकन अॅड होतो. विल्श्टेटरने १९११ मध्ये ते बनवलं तेव्हाच बेन्झिनचा भाऊ नाही हे दिसलं होतं. पण त्यालाच पोटॅशियमकडून दोन इलेक्ट्रॉन दे, दहा होतात, आणि डायअॅनायन सपाट होतो! मला ही गोष्ट अख्ख्या टॉपिकमध्ये सगळ्यात आवडते.

सपाट आहे का हे वहीवरून कळत नाही हे तुझं खरंय. पाच, सहा, सात अणूंच्या रिंगा सगळे एसपी२ असतील तर बिनधास्त सपाट धर. १० च्या रिंगमध्ये थांबून विचार कर, दहा कार्बनच्या [१०]अॅन्युलीनला इलेक्ट्रॉन दहा असून अॅरोमॅटिक नाही, कारण सगळे डबल बाँड सिस घेतले तर कोन १४४ अंश होतो आणि दोन ट्रान्स घेतले तर आतले दोन हायड्रोजन एकमेकांवर आदळतात. ते दोन काढून तिथे सीएच२ चा पूल टाकला की काम होतं, फोगेलने केलंय. [१८]अॅन्युलीनमध्ये आत जागा भरपूर, आणि थंड करून एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनचे सिग्नल मोजणारी चाचणी) घेतला तर बाहेरचे हायड्रोजन ९.३ पीपीएमच्या आसपास आणि आतले उणे ३ वर. उणे! रिंगमधून पाय इलेक्ट्रॉन फिरतात त्या रिंग करंटचा याहून ढळढळीत पुरावा मला माहीत नाही.

कातळावरचा_केमिस्ट

यात एक पुरवणी. ह्युकेलचा १९३१ चा नियम, म्हणजे हाच ४एन+२, एकाच रिंगसाठी आहे. जोडलेल्या रिंगांवर डोळे मिटून लावू नको, पायरीनमध्ये १६ पाय इलेक्ट्रॉन आहेत, यादीत बसत नाहीत, तरी ते अॅरोमॅटिकच आहे. नॅप्थलीनला १० बसतात म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे चालतं.

देवगडचा_टीवाय

मोठे आभार सगळ्यांचे. रात्री लाईट गेली होती, मेणबत्तीत बसून केलं. इमिडाझोल: एनएचवाला नायट्रोजन दोन देतो, दुसरा डबल बाँडवर आहे तो एक, तीन कार्बनचे तीन, सहा, अॅरोमॅटिक. प्रोटॉन दुसऱ्यावर बसणार कारण त्याचीच जोडी मोकळी आहे. थायोफिन फ्युरानसारखं. सायक्लोहेप्टाट्राईनला पण सहा आले, म्हणजे तेही?

पीएचडीचा_खलाशी

इमिडाझोल एकदम बरोबर. शेवटचं नाही. त्यात एक सीएच२ आहे, एसपी३, तिथे उभा पी ऑर्बिटलच नाही, फेरी तिथे तुटते. त्या कार्बनवरून हायड्राईड, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीसकट हायड्रोजन, काढून घेतला की पी रिकामा होतो, सात अणूंची फेरी पूर्ण होते आणि ट्रोपिलियम मिळतं, म्हणूनच त्याचं ब्रोमाईड मिठासारखं पाण्यात विरघळतं. सायक्लोपेंटाडाईनला पण सीएच२ च आडवा येतो, फक्त तिथे प्रोटॉन काढायचा. पीकेए १६ आहे त्याचा, साध्या अल्केनचा ५० च्या घरात असतो, आता कारण तूच सांगू शकशील.

आज अॅझुलीन कर. पाच आणि सात अशा चिकटलेल्या रिंगा, फॉर्म्युला नॅप्थलीनचाच, पण रंग निळा आणि डायपोल साधारण १ डिबाय, नॅप्थलीनचा शून्य. सातवालीकडून एक इलेक्ट्रॉन पाचवालीकडे सरकवून बघ, दोन्हीकडे किती होतात ते लिही इथे.